भित्यापाठी ब्रह्मराक्षस, पण किती फुटी?

रहस्यकथा लिहिणारे बहुतेक जण साक्षीदारांचे दोनच कप्पे करतात, खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा. तिसरा कप्पा रिकामाच राहतो, आणि खरी गंमत तिथे असते. हा तिसरा माणूस शपथेवर सांगतो, मनापासून सांगतो, त्यात त्याचा काडीचा फायदा नसतो, आणि तरी तो सांगतो तसं काही घडलेलं नसतं. तो घाबरलेला होता, एवढंच.

या माणसाला कथेत घेतलं तरी त्याचं बरेचदा मातेरं होतं. अडीचशे पानं मुंडकं नसलेलं भूत फिरतं आणि शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह आरामखुर्चीत रेलून म्हणतो, "भीतीपोटी झालेला भास होता तो." संपलं! अहो, पण मुंडकंच का नव्हतं? पाय नव्हते, मग छाती-पाठ कशी होती? एकीला दिसलं आणि दुसऱ्याला त्याच जागी काहीच का दिसलं नाही? या प्रश्नांना उत्तर नसेल तर 'भास' म्हणजे नुसती जादूच झाली, आणि जादूने सुटणारं कोडं कुणी का वाचावं?

भीती वाटेल ते दाखवत नाही. ठरावीक गोष्टी ती ठरावीक बाजूलाच ओढते, म्हणूनच तिची वजाबाकी करता येते. घाबरलेल्या माणसाच्या जबानीतून भीती वजा केली की खाली मापं उरतात. अंतर, उजेड, कपड्याचा रंग, दिव्याची जागा. ही वजाबाकी डिटेक्टिव्हच्या आधी वाचकाला करता यायला हवी. या प्रकारच्या कथेची सगळी कारागिरी यातच आहे.

आधी मान गोठते

घाबरलेला माणूस पळतो असं आपण म्हणतो. पण पळायच्या आधी बहुतेकदा तो थिजतो. श्वास अडतो, मान ताठ होते, नजर एका जागी खिळते. धोका नेमका कुठे आहे ते कळेपर्यंत हलायचं नाही, ही शरीराची फार जुनी खोड आहे. लेखकाने इथेच थांबून विचार करायचा. कारण आपले डोळे आणि कान हालचालीवर चालतात. डोळे सतत बारीक बारीक सरकत असतात, मान वळते, आपण अर्धं पाऊल बाजूला होतो, आणि या हालचालींतून चुका परस्पर दुरुस्त होत राहतात. थिजलेल्या माणसाचं हे दुरुस्ती खातंच बंद पडतं.

डोळ्याचं बघा. दृष्टिपटलावर साधारण ६० लाख शंकुपेशी असतात, त्या उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. १२ कोटींच्या आसपास दंडपेशी असतात, त्या काळोखात काम करतात पण रंग दाखवत नाहीत. आपण रोखून बघतो तेव्हा समोरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या ज्या बिंदूवर पडते, तिथे मधोमध फक्त शंकुपेशी आहेत, दंडपेशी एकही नाही. नजरेच्या कोनात मोजली तर ही जागा साधारण सव्वा अंशाची. म्हणजे गडद काळोखात ज्या गोष्टीकडे रोखून बघाल, तीच पुसली जाते. आकाशनिरीक्षण करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. अंधूक तारा दिसायला हवा असेल तर ते नजर जराशी बाजूला ठेवतात.

आता हिशेब करा. ९ मीटरवर सव्वा अंश म्हणजे जवळपास २० सेंटिमीटर. माणसाचं डोकं साधारण तेवढंच असतं. काळोखात ९ मीटरवर कुणी उभा आहे, तुम्ही भीतीने थिजून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघताय, आणि चेहरा नाहीच! न घाबरलेल्या माणसाची नजर इकडेतिकडे फिरली असती आणि डोकं परत दिसलं असतं. घाबरलेल्याची फिरत नाही. मुंडकं नसलेल्या भुताला एवढं पक्कं शास्त्रीय कारण हाताशी असताना लेखक 'भास' म्हणून मोकळे होतात, याचं नवल वाटतं.

कानाचंही तसंच. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या फरकावरून कळतं. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. पण नेमका समोरून किंवा नेमका पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांवर एकदमच पडतो. समोर की मागे, हे नक्की करायला माणूस नकळत मान जराशी वळवतो. मान गोठली की समोरची पावलं पाठीमागून आल्यासारखी वाटू शकतात, त्यातून बंद बोळ आणि भिंतींवरून परतणारा आवाज असेल तर विचारूच नका. "ते माझ्या पाठीशी होतं" हे वाक्य कथेत आलं की जाणत्या वाचकाने लगेच विचारायला हवं, हा माणूस त्या वेळी हलला होता का?

काळोखातला एकटा, स्थिर दिवा थोडा वेळ बघत राहिलं की तो सरकू लागतो, हे तिसरं. खरा सरकत नाही, आजूबाजूला टेकायला खूण नसली की तसा वाटतो. मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ साली यावर प्रसिद्ध प्रयोग केले. एकेकट्या माणसांनी दिवा किती सरकला याचे वेगवेगळे आकडे सांगितले, आणि तीच माणसं एकत्र बसून बोलू लागली तेव्हा आकडे एकमेकांकडे सरकत जवळजवळ सारखे झाले. दिवा तर जागचा हललेलाच नव्हता. एकमत झालं ते न घडलेल्या गोष्टीवर.

एक मजला, एक रात्र

नुसते नियम सांगून उपयोग नाही, म्हणून एक कथा पूर्ण बांधून दाखवतो. जुनं दुमजली घर. वरच्या मजल्यावर पूर्व-पश्चिम लांबलचक बोळ, पूर्वेच्या टोकाला खिडकी, पश्चिमेच्या टोकाला गडद लाकडी दार आणि त्यापलीकडे घरमालकाची अभ्यासिका. घराण्यात मुंडकं उडवलेल्या पूर्वजाची दंतकथा. रात्री २ वाजून १० मिनिटांनी पूर्वेकडच्या खोलीतल्या आत्याबाई कसल्याशा आवाजाने जाग्या होतात, दार किलकिलं करतात आणि बोळात त्यांना दिसतं ते असं: मुंडकं नाही, पाय नाहीत, पांढुरकं धड अधांतरी पश्चिमेकडे सरकतंय. त्या किंचाळतात. सकाळी अभ्यासिकेत मालकाचं प्रेत सापडतं.

खुनी आहे भाचा. त्याने राखणदाराची टोपी घातली होती. लाल, लोकरीची माकडटोपी. अंगात फिकट सदरा, खाली काळी विजार. डाव साधा होता. कुणी पाठमोरं पाहिलंच तर लाल टोपी बघावी, ती मागाहून राखणदाराच्या खोलीत सापडावी आणि संशय त्याच्यावर जावा.

डाव फसला तो डोळ्यामुळे. मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता लाल रंगाकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते. दिवसा सगळ्यांत उजळ दिसणारा प्रकाश ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, रात्री तो ५०७ च्या आसपास येतो. दंडपेशींना गडद लाल जवळपास दिसतच नाही. दिवसा डोळ्यांत भरणारी लाल टोपी काळोखात कोळशासारखी काळी होते आणि मागच्या गडद दाराशी एकजीव होऊन जाते. विजार काळी, ती जमिनीत मिसळते. उरतो फिकट सदरा. अधांतरी धड, बिनमुंडक्याचं. त्यात आत्याबाई चेहरा असायला हवा तिथेच रोखून बघत होत्या, म्हणजे उरलंसुरलं डोकंही सव्वा अंशात गेलं. भीतीने एकही गोष्ट नव्याने निर्माण केलेली नाही. जे दिसत नव्हतं त्या भोकात दंतकथेने पूर्वज बसवला, इतकंच.

हे जमायला काही गोष्टी काटेकोर लागतात आणि लेखक नेमके तिथे घसरतात.

खिडकी साक्षीदाराच्या पाठीशी हवी. खिडकी त्या आकृतीच्या मागे आली तर डोकं उजेडावर काळं, पण ठसठशीत उमटेल आणि सगळा खेळ खलास.

तिथी तपासा. 'अष्टमीचा चंद्र' असं लिहून चालत नाही. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे २ वाजता चांदणंच नाही. कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि २ वाजता पूर्वेला खालीच असतो, पूर्वेच्या खिडकीतून तिरपा येतो. आपल्याला हाच हवा. शिवाय अर्धा चंद्र म्हणजे पौर्णिमेच्या निम्मा उजेड असं समजू नका, तो दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. पौर्णिमेलाही उघड्यावर पाव लक्सच्या वर क्वचितच उजेड मिळतो. एक मेणबत्ती १ मीटरवरून १ लक्स देते, त्यावरून अंदाज करा. पौर्णिमेला अंगणात एखाद्याला लाल रंगाची पुसट चाहूल लागू शकते. कृष्ण अष्टमीला घराच्या आत, खिडकीपासून लांब, लागत नाही. म्हणून घटना आत घडवायची आणि चंद्र अर्धाच ठेवायचा.

आत्याबाई झोपेतून उठलेल्या हव्यात. डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि काळोखात झोपलेल्या माणसाची ती आधीच झालेली असते. त्यांनी दिवा लावून दार उघडलं असं लिहिलंत तर त्यांना काहीही दिसणार नाही. घरात एक पाहुणाही आहे, तो दिव्याखाली वाचत बसला होता आणि किंचाळी ऐकून बाहेर धावला. त्याला नुसता काळोख दिसतो. तो उंबऱ्यातच पश्चिमेकडे तोंड करून थिजतो, समोर लांब जाणारी पावलं त्याला पाठीमागे ऐकू येतात, आणि तो सगळ्यांना पूर्वेकडे धाडतो. खुन्याला दोन मिनिटं फुकट मिळतात. वाचकाला वाटतं पाहुणा सामील आहे. तो फक्त घाबरलेला आहे.

आता अंगणात झोपलेली स्वयंपाकीण. तिला अभ्यासिकेच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवर राक्षसी पंजा दिसला, "हातभर नव्हे, दोन हात लांब". ही जबानी सगळे उडवून लावतात. डिटेक्टिव्हने उडवू नये. सावली किती मोठी पडते हे दिवा ते भिंत आणि दिवा ते वस्तू या दोन अंतरांच्या भागाकारावर ठरतं. दिवा भिंतीपासून ३ मीटर आणि हात दिव्यापासून ६० सेंटिमीटर असेल तर सावली पाचपट. १८ सेंटिमीटरचा पंजा ९० सेंटिमीटरचा होतो, म्हणजे बाईने माप बरोबर सांगितलं. सावली भिंतीवर वरच्या बाजूला पडली होती, म्हणजे दिवा खाली होता, जमिनीवर. जमिनीवर दिवा ठेवून कुणी हात लांब करतो ते टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणासाठी. काय चोरीला गेलं याचा पत्ता राक्षसाच्या पंजाने दिला! मला या प्रकारच्या कोड्यांत सर्वांत जास्त आवडतं ते हेच. भुताचं माप घेता येतं.

मापं फुगतात कशी

काळोखात अंतराची खूण नसते, आणि अंतर चुकलं की उंची त्याच प्रमाणात चुकते. ५ मीटरवरचं ३० सेंटिमीटर उंचीचं मांजर आणि ३० मीटरवरचा १.८ मीटर उंचीचा माणूस डोळ्याला सारखाच कोन करतात. मांजर माणसाएवढं दिसलं असं साक्षीदार म्हणाला तर तो वेडा नाही, त्याने अंतर सहापट धरलंय. धुक्यात हे जास्त होतं. कडा पुसट झाल्या की वस्तू लांब वाटते, आणि लांब असूनही डोळ्यात तेवढीच भरते म्हणून मोठी वाटते. डिटेक्टिव्हने "केवढं होतं?" असं विचारूच नये. "हात लांब करून अंगठा समोर धरा, अंगठ्याच्या मानाने केवढं होतं?" असं विचारावं. कोन माणूस बराचसा बरोबर सांगतो. फुटांचा आकडा तो मागाहून मनाने बसवतो.

चेहरा ओळखण्याबाबत वाखेनार आणि व्हान डेर स्रीर या डच संशोधकांनी १९९६ साली दिलेला एक सुटसुटीत नियम आहे. अंतर १५ मीटरच्या आत आणि उजेड १५ लक्सच्या वर असेल तरच ओळखीवर भरवसा ठेवावा. कथेतल्या प्रत्येक साक्षीदाराच्या नावापुढे हे दोन आकडे लिहून ठेवावेत. रस्त्यापलीकडून, एका दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात अनोळखी चेहरा 'स्पष्ट' पाहणारे साक्षीदार निम्मे तरी तिथेच गळतील.

उजेड भरपूर असला तरी भीती आपलं काम करतेच. लंडन डन्जन या भयदालनातल्या चक्रव्यूहातून गेलेल्या माणसांवर व्हॅलेंटाइन आणि मेसू यांनी केलेला अभ्यास २००९ साली छापून आला. आत एका माणसाने त्यांना घाबरवलं होतं, नंतर फोटोंतून त्याला ओळखायचं होतं. कमी घाबरलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बरोबर ओळखलं, जास्त घाबरलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी. हत्याराचा परिणाम तर रहस्यकथेसाठी आयताच आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांच्या १९८७च्या प्रयोगात गल्ल्यावरच्या बाईसमोर एक माणूस कधी चेक धरतो तर कधी पिस्तूल. बघणाऱ्यांचे डोळे पिस्तुलावर जास्त वेळा आणि जास्त वेळ खिळले, आणि माणसाची ओळख त्या प्रमाणात कच्ची राहिली. तेव्हा सुरीच्या मुठीवरचं नक्षीकाम सांगणारा आणि दाढी होती की नाही ते न आठवणारा साक्षीदार अगदी खरा वाटतो. याच्या उलट वागणारा साक्षीदार दिसला तर जरा खाकरावं.

वेळ नेहमी लांबते. २००७ साली छापलेल्या एका प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पडू दिलं. आपलं पडणं त्यांना दुसऱ्याचं पडणं पाहताना वाटलं त्यापेक्षा ३६ टक्के जास्त लांब वाटलं. पण त्या वेळात त्यांना जास्त बारकाईने दिसलं का? नाही. मनगटावरचे भराभर बदलणारे आकडे त्यांना एरवीइतकेच वाचता आले. म्हणजे "सगळं संथ झालं आणि मला एकेक तपशील टिपता आला" हे वाक्य निम्मं खरं, निम्मं खोटं. डिटेक्टिव्हने मिनिटं विचारू नयेत, कृती विचाराव्यात. कडी काढलीत, मग? चप्पल घातलीत? त्याच कृती साक्षीदाराकडून पुन्हा करवून घ्याव्यात आणि घड्याळ लावावं. 'दहा मिनिटं' बहुतेकदा दोनवर येतात, आणि कुणाचा तरी भक्कम वाटणारा पुरावा तिथे कोसळतो.

उशाशी उभी राहणारी आकृती हा वेगळाच मामला. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल केलेले असतात, आणि ते सुटायच्या आधी जाग आली तर माणूस डोळे उघडे ठेवून लाकडासारखा पडून राहतो. छातीवर भार, खोलीत कुणीतरी आहे अशी पक्की खात्री, कधी आकृतीही. काही सेकंद ते एक-दोन मिनिटं, बहुतेकदा उताणं झोपल्यावर. याची खूण फार सुरेख पेरता येते. साक्षीदार म्हणतो, "मी जिवाच्या आकांताने ओरडलो." पलीकडच्या खोलीतला जागा असलेला माणूस म्हणतो, काहीच ऐकलं नाही. वाचक ठरवतो की दोघांतला एक खोटारडा आहे. दोघंही खरे असतात. ओरडणं गळ्याबाहेर पडलंच नव्हतं.

मग बोलणं सुरू होतं

रात्रीच्या चुका सकाळी पक्क्या होतात, स्वयंपाकघरात, चहाच्या वेळी. गॅबर्ट, मेमन आणि अॅलन यांच्या २००३च्या प्रयोगात जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत दाखवली, आणि दोघांनाही वाटलं की आपण एकच पाहिली. आपसात बोलल्यानंतर ७१ टक्के लोकांनी स्वतः पाहणं शक्यच नव्हतं अशी किमान एक गोष्ट 'पाहिली' म्हणून सांगितली. म्हणून चार साक्षीदार एकच सांगत असतील तर त्यांना चार मोजायच्या आधी ते एकमेकांना कधी भेटले ते बघायचं. बरोबर गोष्टी जुळल्या तर त्यात विशेष नाही, सगळ्यांनी तेच पाहिलं असेल. चूक जुळली की ती उसनी. तिघांनी "डावा हात" म्हटलं आणि हात उजवा होता, तर तिघांचा झरा एकच आहे आणि तो शोधता येतो. परीक्षेतली कॉपी मास्तर याच युक्तीने पकडतात.

याचं टोक म्हणजे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचं प्रकरण. १९३८चा नोव्हेंबर. दोन तरुणींनी हातोडा घेतलेल्या, बुटांना चकचकीत बकल असलेल्या माणसाने हल्ला केल्याचं सांगितलं. पुढच्या दिवसांत हल्ल्यांच्या तक्रारी वाढत गेल्या, हातोड्याच्या जागी पातं आलं, लोकांची गस्त सुरू झाली, स्कॉटलंड यार्डला बोलावलं गेलं. शेवटी एकामागून एक तक्रारदार कबूल झाले की जखमा आपणच करून घेतल्या. हल्लेखोर नव्हताच. काहींना खोट्या तक्रारीबद्दल तुरुंगवासही झाला. गावभर पसरलेल्या भीतीची कथा लिहायची तर या प्रकरणाचा क्रम वहीत उतरवून घ्यावा. पहिल्या वर्णनातले कोणते तपशील टिकले, कोणते गळाले, हत्यार केव्हा बदललं. फक्त 'गुन्हेगार नव्हताच' एवढ्यावर कथा संपवू नये, वाचक पुस्तक भिरकावून देईल. त्या गोंधळाच्या आडोशाने घडलेला एक छोटा, खरा गुन्हा असायला हवा.

जबानी घ्यायचा क्रम चुकांच्या उलटा असतो. आधी सकाळचं बोलणं सोलून काढायचं: कुणाशी बोललात, कुणी आधी सांगितलं, कोणता शब्द कुणाचा. मग दंतकथा: ती तुम्हाला ठाऊक होती का, शेवटची कधी ऐकलीत. सगळ्यांत शेवटी उजेड: कुठे उभे होतात, त्याआधी दिव्यात होतात की काळोखात, मान वळवलीत का. सूचक प्रश्न कटाक्षाने टाळायचे, "टोपी कोणत्या रंगाची होती?" या प्रश्नात टोपी आपणच घालून ठेवतो. फिशर आणि गाइझेलमन यांनी १९८०च्या दशकात बांधलेली पद्धत कथेत छान बसते. आधी मनाने त्या जागी परत जायला लावायचं, क्षुल्लक वाटेल तेही सांगायला लावायचं, मग घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायची. उलट्या क्रमाने सांगताना दंतकथेचा साचा मोडतो, कारण दंतकथा उलटी कुणी ऐकलेली नसते.

काही क्लृप्त्या आता विश्रांतीला पाठवाव्यात. १९ हर्ट्झचा न ऐकू येणारा आवाज आणि त्यातून दिसणारं भूत. १९९८ साली व्हिक टँडी यांनी एका प्रयोगशाळेतल्या पंख्यावरून ही कल्पना मांडली. किस्सा मजेदार आहे, पण त्याच्यावर अख्खं कोडं टांगण्याएवढा तो दणकट नाही. कार्बन मोनॉक्साइड चालेल, पण नियम पाळून. १९२१ साली एका अमेरिकी नेत्रवैद्यक नियतकालिकात छापलेल्या प्रकरणात बिघडलेल्या भट्टीच्या धुराने अख्खं कुटुंब पछाडल्यासारखं झालं होतं. तिथे डोकेदुखी होती, थकवा होता, घरातली झाडंही मेली होती. एकट्या नायिकेलाच भूत दिसतं आणि बाकी सगळे ठणठणीत, असा वायू नसतो. आणि चमकणारं जनावर दाखवायला पांढरा फॉस्फरस नको. तो ३० अंशांच्या आसपास हवेतच पेट घेतो, बिचारं जनावर भाजून निघेल. आजची कथा असेल तर स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची पूड घ्या. ती हिरवट चमकते, पण आधी उजेड पाजावा लागतो आणि पहिल्या काही मिनिटांतच तिची चमक झपाट्याने उतरते. म्हणजे खुनी घटनेच्या जरा आधी तेज दिव्यापाशी होता, हा धागा फुकट मिळतो.

लाल कुणी पाहिलं?

भाच्याकडे परत येऊ. सकाळी सगळे भुताबद्दल बोलतायत. राखणदाराचं नाव कुणीच घेत नाही, टोपी कुणाला दिसलेलीच नाही. डाव वाया चाललाय हे बघून भाचा राहवत नाही म्हणून तोंड उघडतो: "भूतबीत काही नाही. मीही दार उघडून पाहिलं. कुणी तरी परका माणूस होता, डोक्याला लाल टोपी होती." सगळ्या घरात एकटा तो समंजस वाटतो. वाचकही त्याच्या बाजूने जातो. आणि त्या काळोखात लाल रंग कुणालाही दिसणं शक्य नव्हतं.

इथे एक पळवाट आहे आणि ती बुजवावीच लागते. प्रामाणिक माणूसही ओळखीच्या वस्तूला आठवणीतला रंग भरतो. राखणदार रोज लाल टोपी घालत असेल तर भाच्याला 'लाल दिसली' यात काहीच सिद्ध होत नाही. म्हणून राखणदाराची रोजची टोपी फिकट करडी ठेवायची. लाल टोपी त्याच संध्याकाळी नवी आलेली, त्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली, अजून कुणासमोर न घातलेली. आठवणीने रंग भरला असता तर करडा भरला असता. लाल ठाऊक असणार तो फक्त ती खुंटीवरून उचलणाऱ्याला. आणि ती खुंटी वाचकाला आधी दाखवायची, पण यादीत लपवून: कंदील, काठी, लाल टोपी, छत्री, किल्ल्यांचा जुडगा. यादीत पहिली आणि शेवटची वस्तू लक्षात राहते, म्हणून टोपी मधे. दुसऱ्यांदा दिवसाच्या लख्ख उजेडात, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने. दोनदा पुरे, तिसऱ्यांदा दाखवलीत तर वाचक डोळे मिचकावेल.

उलगडा भाषणाने करू नये, प्रयोगाने करावा. त्यासाठी पुढच्या कृष्ण अष्टमीपर्यंत महिनाभर थांबायची गरज नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, तेव्हा दुसऱ्याच रात्री ३ वाजता तो जवळपास त्याच उंचीवर येतो, कोर थोडी बारीक झालेली असते एवढंच. आत्याबाईंना अर्धा तास काळोखात बसवून मग दाराशी उभं करायचं. एक हवालदार फिकट सदरा आणि काळी विजार घालून ९ मीटरवर पाठमोरा चालेल, तीन फेऱ्या. एकदा उघडं टक्कल, एकदा करडी टोपी, एकदा लाल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि आत्याबाईंशेजारी उभ्या असलेल्या डिटेक्टिव्हलाही तो ठाऊक नसावा, नाहीतर त्याच्या श्वासावरूनही बाईंना सुगावा लागेल. किंचाळी कोणत्या फेरीला आली ते पाहुण्याने वहीत लिहायचं. भाच्याला उभं करायचं आत्याबाईंच्या पलीकडच्या दारात, आणि प्रत्येक फेरीला एकच प्रश्न विचारायचा: "रंग सांगा."